दुडीला घातलेली हाक

माझी मावशी लोकांच्या घरी जाऊन रडायची. हे ऐकून नवखी माणसं हसतात, म्हणून आधीच सांगून टाकते. कुणी गेलं की त्या घरचे लोक तिला बोलावून नेत आणि ती गेलेल्या माणसाला हाक घाली. अशा बायका पूर्वी गल्लोगल्ली होत्या म्हणे. माझ्या आठवणीत मावशी एकटीच उरली होती. तिला सगळे हाकवाली म्हणत. ज्यांच्या घरी अजून कुणी गेलं नव्हतं ते जरा नाक मुरडून म्हणत, आणि वेळ आली की तेच नाक पुसत तिच्या दारात उभे राहत.

पोटाचा धंदा वेगळा होता. दिवसभर ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. यंत्राच्या एका बाजूने ओली चादर घालायची आणि दुसऱ्या बाजूने कडक, गरम चादर ओढून घ्यायची. बोटांची टोकं भाजून भाजून इतकी गुळगुळीत झाली होती की सुई दिली तर हातातून निसटायची. मी शिवणकाम करते, तिच्याच इमारतीत, समोरच्या खोलीत. कुणाचं आखूड कर, कुणाचं सैल कर, चेन बदल, असली कामं. दारं समोरासमोर असल्यामुळे तिच्या घरात काय शिजतंय आणि काय बिनसतंय, दोन्ही मला कळायचं.

हाकेत फार मोठं काव्य नव्हतं. खेळायला गेलेल्या पोराला आई जे ओरडून सांगते तेच शब्द. ये रे, चप्पल काढ, पाय पूस, आत ये. ताट वाढलंय, दार लोटलेलं नाही. हेच फिरवून फिरवून, दर वेळी नाव घेऊन, आवाज चढवत न्यायचा. नाव घरातलं लागे, कागदावरचं नाही. घरचं कुणीतरी ते आधी तिच्या कानात सांगे. एकदा एका जाडजूड साहेबांना तिने 'पिल्ल्या' म्हणून हाक घातली. साहेबांच्या कचेरीतली माणसं हसू दाबत उभी होती. थोड्या वेळाने तीच माणसं भिंतीकडे तोंड करून हमसत होती.

मग सगळे रडून दमले की शेवटी एक ओळ यायची. तिच्यात नाव नसे. आवाज अगदी खाली आणून, बोलल्यासारखी ती म्हणायची, 'जा आता. तुझी वाट तुला, आमचं दार आम्हाला.' ही ओळ झाली की घरचं कुणीतरी उठून दार लावायचं. तिथे हाक संपायची.

नियम कडक होते. एकदा पाठवलेल्याला पुन्हा हाक घालायची नाही. जिवंत माणसाच्या नावाने तर नाहीच नाही. आणि हाकेला कुणी ओ द्यायची नाही. लहान पोरं सवयीने ओ देतात, म्हणून त्यांना आधीच बाहेर नेऊन बसवत.

एवढं असून मावशी रडकी मुळीच नव्हती. हसली की पोट धरून हसायची. कुणाच्या घरून हाक घालून आली की पहिल्यांदा माझ्याकडे येऊन विचारायची, "काय आहे गं खायला? रडून रडून कावळे ओरडायला लागलेत पोटात." मी म्हणायची, "मावशे, लाज वाटू दे जरा." ती म्हणायची, "लाजेनं पोट भरतं का?" आणि माझ्याच ताटात हात घालायची.

दुडी ही तिची एकुलती एक मुलगी. वर्षाची व्हायच्या आतच दुडुदुडु पळायला लागली, म्हणून दुडी. हे नाव दुसऱ्या कुणाचं असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मायलेकी दोघी हट्टी, दोघी तोंडाळ, आणि एकमेकींवाचून दोघींचं पान हलत नसे.

दुडी विशीत असताना तिचे बाबा गेले. हाक मावशीनेच घातली. दुसरं घालणार होतं कोण? तिचा आवाज कुठे म्हणून कापला नाही. शेवटची ओळ म्हटली, उठली, दार लावलं आणि आलेल्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. दुडी सगळ्यांसमोर म्हणाली, "परक्यांसाठी रडतेस तेवढंच बाबांसाठी रडलीस. थेंबभर जास्त नाही." मावशी म्हणाली, "मी काम करत होते गं." ते खरंच होतं, पण त्या घडीला ते तिच्या तोंडून निघायला नको होतं.

नवऱ्यासाठी मावशी रडली ती धुलाईखान्यात. तिथे वाफेने सगळ्यांचेच चेहरे ओले असतात, कुणी कुणाला विचारत नाही. हे मला तिथल्या बायकांनी सांगितलं. मी ते दुडीच्या कानावर घातलं तोवर ती दूरच्या शहरात एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागली होती. "तू तिची वकिली करू नकोस, ताई," म्हणाली आणि फोन ठेवला. आईशी तर ती बोलतच नव्हती. मावशीही फोन करायची नाही. "तिला माझ्या आवाजाचाच राग आहे, आवाज ऐकवून काय करू?" असं म्हणायची.

अशी वर्षं गेली, आणि एक दिवस गॉगल आला.

हा घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसणारा एक तरुण होता, म्हणून आम्ही त्याला गॉगल म्हणायचो. जुनी गाणी, जुने गळे शोधायचे आणि त्यांच्याखाली कॉम्प्युटरवर केलेले ठोके, यंत्राचे घुमणारे आवाज घालायचे, असं त्याचं आणि त्याच्या दोस्तांचं काम. देशोदेशी जाऊन वाजवायचे. त्याची आजी गेली तेव्हा मावशीने हाक घातली होती, ती त्याच्या डोक्यातून जात नव्हती. "मावशी, हे तुमच्याबरोबर संपायला नको," तो म्हणाला. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर मला फार सोपं गेलं असतं.

मावशी नाही म्हणाली. मग विचारलं, "हे कुठं कुठं वाजतं?"

"सगळीकडे. फोनवर, दुकानात, गाडीत. माणूस कुठेही असला तरी त्याच्या कानावर पडतं."

मी मावशीकडे बघितलं आणि मला कळलं की ही आता त्याच्याकडे जाणार.

एकटी जायला ती घाबरत होती, म्हणून मलाही ओढून नेलं. गाड्या धुण्याच्या जागेच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. भिंतींना गाद्या ठोकल्यासारखा जाड स्पंज, जमिनीवर वायरींचा गुंता. मावशीच्या कानांवर हेडफोन चढवले आणि त्यात ठोका सुरू केला. ती म्हणाली, "अरे, कानात सुतारपक्षी बसलाय हा, ह्याला आधी उडव." सगळे हसले.

"आवाज तपासायचाय, काहीतरी म्हणा," गॉगल म्हणाला. मावशीने शेवटची ओळ म्हटली. रोज सकाळी घसा मोकळा करायला ती तीच म्हणायची, कारण तिच्यात नाव नाही, ती कुणाला लागत नाही. 'जा आता. तुझी वाट तुला, आमचं दार आम्हाला.' गॉगलने अंगठा वर केला. यंत्र चालूच होतं.

मग खरी हाक. नावाशिवाय म्हणा, असं त्यांचं म्हणणं. तिने प्रयत्न केला, पण आवाज बसका, कोरडा. कुठलंही एक नाव घ्या म्हणाले. तिने मनाने एक नाव रचून बघितलं. तेही जमेना. "तिथं कुणी नाहीये रे," ती म्हणाली, "कुणाला बोलावू?" गेलेल्यांना तर पुन्हा हाक घालता येत नव्हती. दुपार उलटून गेली. त्यांनी ठोका बंद केला, पाणी दिलं. मला वाटलं, सुटलो, आता घरी जाऊ.

तेवढ्यात मावशीने डोळे मिटले आणि म्हटलं, 'ये गं दुडे.'

माझ्या हातातला पाण्याचा पेला खाली पडला. तिने थांबायची खूण केली आणि पुढे म्हणत राहिली. चप्पल काढ, पाय पूस, आत ये. ताट वाढलंय गं दुडे, दार लोटलेलं नाही. उभ्या आयुष्यात मी तिच्या शेकडो हाका ऐकल्या असतील, अशी एकही नाही. इथे आवाज कापत होता, फाटत होता, मध्येच श्वास अडकत होता. गॉगलने चष्मा काढून डोळे पुसले. जिथे शेवटची ओळ यायची तिथे मावशी थांबली आणि हेडफोन उतरवले.

जिन्यात मी तिला धरलं. "मावशे, जित्या पोरीच्या नावानं हाक घातलीस? डोकं फिरलं का तुझं?"

"शेवटची ओळ कुठं म्हटली?" ती म्हणाली. "पाठवायची ओळ नाही तर ती मेल्याची हाक कशी होईल? मी पोरीला घरी बोलावलंय फक्त. कुठंही असली तरी तिच्या कानावर पडेल म्हणाला ना तो?"

तिच्या हिशेबाने ते चोख होतं, आणि खरं सांगते, मलाही पटलं.

गाणं तयार झालं. गॉगल ते फोनवर ऐकवायला आला, पण आपली हाक आपण ऐकायची नसते, म्हणून मावशीने कानांवर हात ठेवले. मलाही बाहेर हाकललं. पुढे ते गाणं असं पसरलं की विचारू नका. कापडाच्या दुकानात, रिक्षात, खालच्या पोरांच्या फोनवर 'ये गं दुडे, दुडे, दुडे' आणि खाली ते धाडधाड ठोके. सगळीकडे तेवढाच तुकडा वाजायचा, त्यामुळे पूर्ण गाणं आम्ही दोघींनीही ऐकलं नाही. मावशीने दुडीची गादी उन्हात टाकली. खिडकीचा पडदा धुतला. कामावरून आली की दार पुरतं लावायची नाही, फटीत चप्पल अडकवून ठेवायची. मी म्हणायची, "मांजरं शिरतील." ती म्हणायची, "शिरू देत."

मग मोठा कार्यक्रम ठरला. मैदानात मांडव, समोर हजारो पोरं-पोरी, मावशीच्या अंगावर मी शिवलेला नवा निळा पोशाख. मी मंचाच्या कडेला उभी होते. तिने हाक घातली. त्या गर्दीत तिचा आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि मला वाटलं, ही आता खरंच कुणालाही परत आणेल. ती थांबली. ठोके वाढत वाढत गेले, एकदम तुटले, आणि त्या शांततेत मोठ्या स्पीकरांतून मावशीचाच आवाज आला. 'जा आता. तुझी वाट तुला, आमचं दार आम्हाला.'

हजारो माणसांनी ती ओळ तोंडपाठ असल्यासारखी त्या आवाजाबरोबर म्हटली, आणि हात वर करून नाचायला लागली.

मावशीचं तोंड मिटलेलं होतं. ती आधी स्पीकरकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही आणि मला तो सांगताही येणार नाही.

खाली उतरल्यावर गॉगल कौतुकाने सांगत होता. तपासणीच्या वेळची ओळ यंत्रात राहिली होती, ती शेवटी इतकी फिट्ट बसली की बस. एका सदऱ्याची बाही दुसऱ्याला जोडतो आम्ही कधीकधी, कापड सारखं असलं की कळत नाही. तसंच केलं होतं त्याने. मावशीचे अडकलेले श्वासही कापून सरळ केले होते. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "मला कुणी सांगितलं नाही, ताई," तो म्हणाला. "काढतो. पण जे बाहेर गेलंय ते परत घेता येत नाही." मावशी एवढंच म्हणाली, "त्याच्यावर ओरडू नको. नाव मी घेतलंय."

दुसऱ्या दिवशी मी दुडीला फोन लावला.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "दुकानात एका बाईच्या फोनची रिंग वाजली, तर त्यात आई मला बोलावत होती. बाईचा चष्मा तसाच सोडून मी मागे जाऊन बसले. रजा घेतली, बॅग भरली. बसच्या थांब्यावरच्या दुकानात तेच गाणं लावलेलं. म्हटलं, बसल्या बसल्या ऐकू." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आईनं दार लावलं, ताई. मी ऐकलं."

मी सगळं सांगितलं. यंत्र, तपासणी, जोडकाम.

"आवाज तिचाच आहे ना?"

"हो गं, पण..."

"आणि नाव? नावही त्या पोरानंच जोडलं का?"

फोन ठेवताना ती म्हणाली, "इथं लोक त्याच्यावर नाचतात. मी मेले त्याच्यावर." मी मावशीला जसंच्या तसं सांगितलं, कारण ती दारातच उभी होती आणि माझं तोंड वाचायला तिला वेळ लागत नसे. "बरोबर आहे तिचं," मावशी म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. त्या दिवशी तिने दार पूर्ण लावलं.

गॉगलने शब्द पाळला. शेवटच्या ओळीशिवाय नवं गाणं काढलं. ते कुणी ऐकलं नाही. लोक विचारत होते, शेवट कुठे गेला?

मावशीची हाक मात्र गेली ती गेलीच. एका घरी बोलावलं, कानात नाव सांगितलं, आणि तिच्या तोंडून ब्र निघेना. घरच्यांनी थोडी वाट बघितली आणि फोनवर गाणं लावलं. ऐंशीच्या म्हाताऱ्याला सगळ्यांनी मिळून दुडी म्हणून पाठवलं. हसावं की डोकं आपटावं, कळत नाही. पुढे तिला कुणी बोलावलंही नाही, फोन सगळ्यांकडेच होता. ती माझ्या ताटात हात घालायची बंद झाली. मी वाढलं तर जेवायची, नाही तर नाही.

दोन हिवाळे असे काढून ती आजारी पडली. छातीत पाणी झालं. तिच्याच इस्पितळात खाटेवर पडल्या पडल्या चादरीची कड चाचपून म्हणाली, "बघ, दुमड राहिलीय. नवी बाई आळशी आहे." बऱ्याच दिवसांनी तिचं तसलं बोलणं ऐकून मला बरं वाटलं. मी दुडीला फोन करत राहिले. येते म्हणायची. सुट्टी मिळाली की येते, महिना सरला की येते. मावशी विचारायची, "काय म्हणाली?" मी सांगायची, "येते म्हणाली." मावशी मान हलवायची. गुरुवारी सकाळी, मी तिच्यासाठी पेज गाळत असताना, ती गेली.

दुडी दुसऱ्या दिवशी पोचली. आईला घरी आणून तिच्या खोलीत खाली निजवलं होतं. दुडी दाराजवळच्या खुर्चीवर बसली, बूट पायांत तसेच, बॅग मांडीवर. रडली नाही. माणसं जमली आणि सगळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. उभ्या गल्लीला हाक घालणाऱ्या बाईला हाक घालायला कुणी नव्हतं. मला येत नव्हती. येत असती तरी घातली नसती.

तेवढ्यात गॉगल आला, एका हातात फोन, दुसऱ्यात छोटा स्पीकर घेऊन. चष्मा नव्हता, डोळे सुजलेले. "त्यांच्याच आवाजात..." एवढंच त्याला बोलता आलं. खुर्चीवरची पाहुणी कोण हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी पुढे होईपर्यंत त्याने बटण दाबलं होतं.

'ये गं दुडे.'

ठोक्यांनी फळीवरचे पेले किणकिणायला लागले. सगळ्यांच्या माना दुडीकडे वळल्या. चप्पल काढ, पाय पूस, आत ये. ताट वाढलंय गं दुडे. माझ्या लक्षात आलं की हे जुनंच गाणं आहे, शेवट असलेलं. मी माणसांच्या पायांवरून, कुणाच्या हातांवरून तशीच पुढे गेले. स्पीकरचं बटण सापडेना. ठोके वाढत वाढत गेले, एकदम तुटले, आणि मी त्याच्या हातातला फोन हिसकावून घेतला. बोटाला काय लागलं देव जाणे, पण आवाज बंद झाला.

"शेवट राहिला, ताई," गॉगल हळूच म्हणाला.

"राहू दे."

दुडीने बॅग खाली ठेवली. वाकून बूट काढले, एक, मग दुसरा. दारातल्या पायपुसण्यावर पाय पुसले, दोन्ही, लहानपणी आई ओरडायची तेव्हा पुसायची तसे नीट. मग आत येऊन आईच्या उशाशी बसली.

"ओ," ती म्हणाली. "आले गं, आई."

हाकेला ओ द्यायची नसते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिला बाहेर न्यायला कुणी उठलं नाही. दार लावायलाही कुणी उठलं नाही.